लॅप्सचा कॅमेरा

खंडेराव मला पहिल्यांदा दिसला तो पुंडलिकनगरातल्या एका लग्नात. खांद्यावर कॅमेरा, आणि तोंडानं मेंढरं हाकताना काढतात तसला आवाज. त्या आवाजासरशी नवरदेवाच्या आत्या-मावश्या निमूटपणे चौकटीत आल्या. त्याच्या वडिलांची मेंढरं दौलताबादच्या अंगाला चरायची. घराण्याचा धंदा त्यानं सोडला होता, हुकमत सोडली नव्हती.

दोन हजार तेराच्या दुष्काळात आमचे नगरसेवक तात्यासाहेब कॉलनीमागच्या कोरड्या तळ्यातला गाळ काढायला निघाले. कामाआधी कामाची फिल्म ठरली. ती पसंत पडली तर तात्यासाहेबांचे वर्षभराचे सगळे कार्यक्रम खंडेरावलाच मिळणार होते. त्या भरवशावर तो नवा कॅमेरा घ्यायला उस्मानपुऱ्यात गेला. सोबत तात्यासाहेब, आणि इंग्रजी वाचायला मी.

दुकानदारानं एकेक खुबी दाखवली. एका बटणानं चित्र जुनाट व्हायचं, दुसऱ्यानं माणसं खेळण्यातली दिसायची. स्वतःला खेळण्यातलं पाहून तात्यासाहेब नाराज झाले. खंडेराव मात्र टाइम लॅप्सवर अडून बसला. अख्खा दिवस एका मिनिटात.

शब्द ऐकताच तात्यासाहेबांचा चेहरा उतरला. "लॅप्स? रस्त्याचा निधी मार्चला लॅप्स होऊन परत गेला, ते लोकं अजून विसरंनात. लॅप्स नसलेला दाखवा."

"निधीचं नाय साहेब हे. ह्याच्यात दिवस पळतो."

मीही अर्थ फोडून सांगितला. शेवटी फिल्मवर तो शब्द कुठंही येणार नाही, या अटीवर परवानगी मिळाली.

उद्घाटनादिवशी कॅमेरा सकाळपासून संध्याकाळपर्यंत तळ्याच्या काठावर उभा होता. दुसऱ्या दिवशी तात्यासाहेबांच्या बैठकीत सगळ्यांनी फिल्म पाहिली. नारळ फुटला, पोकलेननं थोडा गाळ उचलला, तात्यासाहेब गाडीत बसून गेले. मग पोकलेन जागच्या जागी. त्याची सावली तेवढी एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली. मधेच कुणाची तरी मेंढरं तळ्यात उतरली, लगबगीनं फिरली आणि वर निघून गेली.

"ती मेंढरं काढून टाक," तात्यासाहेब म्हणाले.

"काढतो की. पण साहेब, मेंढरं काढल्यावर हलणारं काय राहतंय?"

कुणीतरी हसलं. खंडेरावचं वर्षभराचं काम त्या हसण्यात गेलं, कॅमेरा राहिला. ही गंमत फिरत फिरत एका बिल्डरच्या कानावर पडली. आपलं बांधकाम खरंच पुढं सरकतंय, हे त्याला गिऱ्हाइकांना पटवायचं होतं.

सध्या खंडेराव बीड बायपासला त्याच बिल्डरच्या उभ्या राहणाऱ्या एका सात मजली इमारतीचं चित्रण करतो, आणि रोज सकाळी जाऊन कॅमेऱ्याच्या काचेवरची धूळ पुसून येतो.