भिंतीला हात न लावता

१९९९ च्या हिवाळ्यात आमच्या इंजिनिअर रेजिमेंटच्या स्विमिंग टीमची निवड होती. मी लान्स नाईक होतो. शेजारच्या चारपाईवर माझ्याच गावचा देवानंद मेश्राम. गाव आमचं चिचगडच्या रस्त्याला, गोंदिया जिल्ह्याच्या जंगलपट्टीत; रेल्वे पकडायची तर आमगावला यावं लागायचं. आम्ही दोघे एकाच दिवशी भरती झालो, एकाच गाडीने ट्रेनिंग सेंटरला गेलो आणि पोहायलाही एकाच तलावात शिकलो. त्यामुळे निवडीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघे भलत्याच गुर्मीत होतो. पोहण्यात आपल्याला कोण विचारतो, असं देवानंदने अख्ख्या बॅरकला ऐकवलं होतं.

सकाळी पूलवर आमची जी फजिती झाली, ती समजायला आमचा तलाव समजायला हवा.

तलाव मालगुजारीच्या काळातला. तलाव बांधण्यात नावाजलेल्या माझ्या कोहळी वाडवडिलांनी ही पाळ, म्हणजे मातीचा बांध, घातली, असं आम्ही छाती काढून सांगतो. माती वाहणाऱ्यांत देवानंदचे पणजोबा होते, हे तो लगेच ऐकवायचा. पाळीच्या मधोमध पाणी सोडायची दगडी मोरी आहे, तिला आमच्याकडे तुडूम म्हणतात. तुडुमाला लागून सरळ, खोल भिंत आणि बाजूला पायऱ्या. गावाचा एक दंडक आहे. पोहून परतलेल्याने त्या भिंतीला हात लावायचा, डोकं वर काढायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "आलो." मुलगी असेल तर, "आली." पाळीवर एखादं मोठं माणूस बसलेलं असतं. जितके पाण्यात गेले, तितक्यांचा आवाज आल्याशिवाय ते माणूस जागचं हलत नाही. चूल विझो, गुरं सुटोत, हलत नाही.

तर पूलवर शिटी झाली. मी आणि देवानंद सगळ्यांच्या पुढे होतो. समोरची भिंत आली. दोघांनी हात लावला, डोकं वर काढलं आणि एका सुरात ओरडलो, "आलो!"

बाकीचे जवान तोवर पाण्यातच उलटे होऊन परतीच्या वाटेला लागले होते. आमचे उस्ताद हरियाणाचे सुभेदार. ते काठावर येऊन उभे राहिले.

"दीवार से हाज़िरी लगवाने आए हो?" त्यांनी विचारलं. "यहाँ दीवार को हाथ नहीं, पाँव लगता है."

त्या दिवसापासून टीममध्ये आमचं नाव हाज़िरी पार्टी.

ज्याला ते फ्लिप टर्न म्हणतात ती ऐकायला सोपी असते. वेग कमी न करता भिंतीशी यायचं. शेवटचा हात मारला की दोन्ही हात मांड्यांशी ठेवायचे, हनुवटी छातीला लावायची आणि पाण्यात कोलांटी घ्यायची. नाकातून हवा सोडत राहायचं, नाहीतर पाणी थेट मेंदूत गेल्यासारखं झोंबतं. तळपाय भिंतीला लागले की उताणं असतानाच रेटा द्यायचा, हात कानामागे ताणायचे आणि जाता जाता पालथं व्हायचं. डोकं कुठेच वर येत नाही. देवानंदला हे चार दिवसांत जमलं. मी मात्र महिनाभर नाकातोंडात पाणी घेत होतो. भिंत जवळ आली की मी मान वर करायचो आणि तिथेच वेग जायचा.

शेवटी देवानंदने मला काठावर बसवलं. "केशव, तू भिंतीले पाहाले मान कायले वर करतं? थे का पळून जाऊन राहिली?" मग म्हणाला, "हात लावाचा थो शेवटी एकडाव. घरी आल्यावर."

हे त्याने सांगितलं तसं मला कुठल्याच उस्तादने सांगितलं नव्हतं. मला टर्न आली ती देवानंदमुळे. आम्ही दोन वर्षं रेजिमेंटच्या टीमकडून पोहलो.

पुढे एका पावसाळ्यात आमच्या कंपनीला पूर-ड्यूटी लागली. नदी पूर्वेकडच्या एका राज्यातली, नाव सांगून काय करायचं. देवानंद तेव्हा नाईक झाला होता आणि असॉल्ट बोटीचा कमांडर होता. मी त्याच बोटीत पुढे होतो, मोटरवर एक सॅपर, म्हणजे आमचा साधा जवान. सकाळपासून आम्ही एका शाळेच्या छतावरून माणसं काढत होतो. दुपारी शेवटची खेप निघाली. बोटीत बायका, दोन लेकरं आणि एक म्हातारी, जिने आपली शेळी सोडायला साफ नकार दिला. देवानंदने शेळीही घेतली. ऑर्डरमध्ये शेळीचं काही लिहिलेलं नाही, म्हणजे मनाईही नाही, असं त्याचं म्हणणं.

गावाबाहेर पाण्याखाली काटेरी तारेचं कुंपण होतं. मोटरचा पंखा त्यात गुंतला. बोट प्रवाहाला आडवी झाली आणि एका बाजूने पाणी आत यायला लागलं. देवानंदने कटर घेतला. लाईफ जॅकेट घालून बुडी मारता येत नाही, म्हणून ते त्याने काढून म्हातारीच्या अंगावर टाकलं. कमरेला दोर बांधून खाली गेला. वर आला, श्वास घेतला, परत गेला. दुसऱ्यांदा वर आला तेव्हा दोरच तारेत अडकत होता.

"दोर काढून राहिलो," तो म्हणाला. "तू लेकरं धर."

तो तिसऱ्यांदा गेला. थोड्या वेळाने बोटीला हिसका बसला. तार तुटली होती. बोट सुटली आणि प्रवाहाबरोबर निघाली. मी मागे पाहत होतो. पाणी गढूळ होतं आणि त्यातून काहीच वर आलं नाही.

मी वायरलेस सेटवर बोललो. "अल्फा वन फॉर अल्फा. एक जवान पानी में. मिसिंग. ओव्हर."

"अल्फा. सिविलियन कितने? ओव्हर."

मी आकडा सांगितला.

"सिविलियन पहले किनारे. दूसरी बोट भेज रहे हैं. ओव्हर."

"विल्को. आउट." म्हणजे हुकूम पाळतो.

ऑर्डर बरोबर होती. आजही मला ती बरोबरच वाटते. माणसं किनाऱ्याला लागली, शेळीसुद्धा. आम्ही परत गेलो, अंधार होईपर्यंत शोधलं. देवानंद दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर सापडला.

त्याला घरी घेऊन येणाऱ्या एस्कॉर्टमध्ये मी होतो. मानवंदना झाली, गावाने "जय भीम" म्हणून त्याला निरोप दिला. त्याची मुलगी प्रज्ञा तेव्हा आजीच्या कडेवर होती. त्याची बायको, सुमनवहिनी, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने एकच गोष्ट विचारली. "त्यायनं आवाज देला का?"

मी नाही म्हणालो. आमच्या गावात या प्रश्नाला खोटं उत्तर देता येत नाही.

मी हवालदार होऊन २००९ ला पेन्शनवर आलो. तेव्हा पाहिलं, सुमनवहिनी रोज संध्याकाळी पाळीवर बसायची. प्रज्ञा पाण्यात असायची, तिच्यासाठी बसते असं वाटायचं. पण पोरगी बाहेर येऊन, केस पुसून, घरी निघून गेली तरी वहिनी काही वेळ बसूनच राही. गावाला सवय झाली होती. कोणी काही बोलत नसे.

पोरगी मात्र बापावर गेली होती. पाणी तिला वाट करून द्यायचं. ती आठवीत असताना शाळेच्या पीटीच्या सरांनी मला गाठलं. नागपूरला विभागीय स्पर्धा होत्या, फ्रीस्टाईल दोनशे मीटर. मोठ्या पूलमध्ये म्हणजे तीन टर्न. तिच्या अंगात ताकद होती, दम होता, फक्त टर्नचा पत्ता नव्हता.

मी कामाला लागलो. प्रज्ञाकडून आधी तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगावर कोलांट्या मारून घेतल्या, कपडे झाडून तिची आजी दमली. मग तुडुमाच्या भिंतीवरचं शेवाळ मी विटेने घासून काढलं, कारण त्यावर पाय ठरत नाही. पूलच्या तळाला काळी पट्टी असते, तिच्यावरून भिंत आली हे कळतं. आमच्या पाण्यात तळ कोण पाहणार? मी भिंतीच्या अलीकडे एक बांबू रोवला. बांबू बाजूला दिसला की कोलांटी.

तलावात शिकलेलं पोर टर्न शिकायला वेळ लावतं, ही लावत नव्हती. कोलांटी स्वच्छ, रेटा जोरकस. आणि तरीही दर खेपेला भिंतीशी येताच ती थांबायची, हात लावायची, डोकं वर काढून म्हणायची, "आली." मग पुन्हा दोन हात मागे जाऊन कोलांटी घ्यायची.

मला हसू आलं. हाज़िरी पार्टी अजून हयात होती. मी उस्तादांच्या आवाजात रागावून पाहिलं, उपयोग शून्य. शेवटी पायरीवर बसवून काऊन असं करतेस म्हणून विचारलं.

तिने हळूच पाळीकडे मान वळवली. "काका, मले जमते ना. पण मी आवाज नाही देला तं आई उभी होते. मले पाण्यातूनही समजते."

मग माझं हसू गेलं.

वहिनीशी बोलायला हवं होतं. मी दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन धानाची चौकशी करून परत आलो. शत्रूच्या सुरुंगपट्टीत आम्ही इतके घुटमळलो नव्हतो. तिसऱ्यांदा बोललो. टर्न म्हणजे काय, पोरगी किती पुढे जाऊ शकते, सगळं सांगितलं. तिने तांदूळ निवडत ऐकून घेतलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "थ्या दिवशी तुमी बोटीत होते. वर येते का म्हणून पाण्याकडं पाहात होते. आता तुमीच माझ्या पोरीले सांगून राहिले का भिंतीपाशी ये, पण वर नोको येऊ. आवाज नोको देऊ. मी काठावर बसून काय करू?"

चहा पिऊन उठलो. पण तिने नाही म्हटलं नव्हतं; तिने विचारलं होतं, मी काय करू. रस्ताभर मी तेच घोळवत होतो.

दुसऱ्या दिवशी मी वहिनीला पाळीवरून खाली बोलावलं आणि तुडुमाच्या पायरीवर, भिंतीला अगदी खेटून बसवलं, पाय पाण्यात सोडून. प्रज्ञाला म्हटलं, हात लावायचा नाही, आज खरी टर्न. पोरगी पलीकडे गेली, वळली, आणि भिंतीकडे निघाली. वहिनीने पायरीची कड दोन्ही हातांनी धरली होती. पोरगी बांबूशी आली आणि दिसेनाशी झाली. वहिनी उठायला लागली.

तेवढ्यात भिंतीवर पोरीचे तळपाय बसले. पाण्याचा धक्का आला आणि वहिनीचे पाय गुडघ्यांपर्यंत भिजले. बरंच पुढे प्रज्ञाचं डोकं वर आलं.

वहिनी अर्धवट उठलेली तशीच होती. तिने पायांकडे पाहिलं, मग पोरीकडे पाहिलं.

"आली," ती म्हणाली. स्वतःशीच.

"तिनं बोलायचं ते तुम्ही बोला," मी म्हणालो. "आवाज द्यायचाच आहे. कुणी द्यायचा, एवढंच बदललं."

त्यानंतर ती रोज पायरीवर बसू लागली. पोरगी टर्न मारायची, पाणी पायांना लागायचं, आई म्हणायची, "आली." आठवड्याभरात तिची माझ्यावर दादागिरी सुरू झाली. आज पाणी कमी उडालं, रेटा बरोबर बसला नाही, असं ती मला सांगायची, आणि बहुतेक वेळा तिचंच बरोबर असायचं.

नागपूरला मात्र गॅलरी पूलपासून लांब होती. वहिनी पहिल्यांदाच तिथे आलेली. चपला काढून, पाय जवळ घेऊन बसली. शिटी झाली. पहिल्या टर्नला प्रज्ञा पाण्याखाली गेली तेव्हा वहिनीने माझं मनगट धरलं आणि डोकं वर आल्यावर हळूच म्हणाली, "आली." दुसऱ्या टर्नला आवाज जरा मोठा. तिसऱ्या टर्नला पुढच्या रांगेतली माणसं वळून पाहू लागली. मनगट सुटलं तेव्हा त्यावर बोटांचे वळ होते.

प्रज्ञा चौथी आली. मेडल नाही. पण शेवटी भिंतीला हात लावायचा असतो, तो तिने लावला, डोकं वर काढलं आणि एवढ्या मोठ्याने "आली" म्हणाली की टाइमकीपर दचकला. गॅलरीत वहिनी रडत होती आणि मीही रडत होतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात देवानंदचा स्मृतिदिन आला. सकाळी गावाने त्याच्या फोटोला हार घातला, वंदना झाली. संध्याकाळी तलाव भरलेला. खालची पायरी बुडाली होती म्हणून वहिनी पुन्हा वर पाळीवर बसली होती, मी तिच्या जवळ उभा. प्रज्ञा एकटीच पोहत होती. ती पलीकडून आली, टर्न मारली, परत गेली, परत आली. मग भिंतीला हात लावला, डोकं वर काढलं.

"आली," ती म्हणाली.

ती तिथेच राहिली. भिंतीवरचा हात तिने काढला नाही. आईकडे पाहिलं आणि तितक्याच मोठ्याने म्हणाली, "बाबा आले."

मी सावधान उभा राहिलो. दुसरं काय करावं ते मला कळलं नाही.

वहिनीने पदर झटकला, गुडघ्यावर हात टेकला आणि उठली.

"चाला भाऊजी," ती म्हणाली. "भात मांडाचा हाये."