न धुता चमकणारे देव

आमची ही देवांना दटावायची. देव्हाऱ्यात खंडोबा आणि भवानीचे चांदीचे टाक, शेजारी बाळकृष्ण. "काल पोराला घरी यायला एवढा उशीर झाला, लक्ष कुठं होतं तुमचं?" असं खडसावून विचारायची आणि मग मऊ फडक्यानं त्यांची तोंडं पुसायची. खलिफा सिटीतल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये सकाळी पहिला आवाज तिचाच.

उन्हाळ्यात इथं आखातात नळाचं पाणी चटके देतं. म्हणून देवांच्या आंघोळीचं पाणी ती आधीच तांब्यात काढून निववायची. मला म्हणायची, "तुम्ही भाजलात तर ओरडाल तरी. ते कुणाला सांगणार?"

नात कॉलेजात शिकते. एकदा तोंडावर म्हणाली, "आजी, नो ऑफेन्स, बट आय ॲम अ‍ॅन एथिस्ट." हिनं मुलाकडून अर्थ समजून घेतला आणि म्हणाली, "देव मानत नाहीस होय? नको मानू. पण आंघोळ करून नको मानू." नात हसून हसून लोळली. मला नाही हसू आलं. मी चौथी शिकलेला माणूस. अल ऐनला साइटवर सुतारकाम करून पोराला इंजिनियर केलं. तो मला शांतपणे सांगतो, "बाबा, मी मानत नाही, पण रिस्पेक्ट करतो." अरे, रिस्पेक्ट शेजाऱ्याचा करतात! गणपतीत हीच मंडळी मरीनाला मित्राकडे नटूनथटून जातात, आरती मोबाईलवर लावतात आणि नुसती तोंडं हलवतात.

शेवटच्या आजारात हॉस्पिटलात तिनं मुलाकडे एकच मागितलं. "रोज नको रे. सणावाराला तरी यांच्या अंगावर पाणी घाल." तो हो म्हणाला.

ती गेली. सुतक फिटलं आणि पाहतो तर देव्हारा रिकामा. संध्याकाळी पोरगा देव घेऊन आला, चकचकीत. हॉलमधल्या काचेच्या कपाटात दिव्याखाली मांडले. "बाबा, कोटिंग करून आणलंय. आता काळे पडणार नाहीत. घासायला नको, धुवायला नको, खलास!" खुशीत होता. त्याला वाटलं, आईचं काम केलं.

मी खंडोबावर पाणी ओतून पाहिलं. अंगाला न लागता थेंब घरंगळून गेले. माझं डोकंच फिरलं. "आईनं पाणी घाल म्हटलं होतं रे! तू त्यांना रेनकोट घातलास!"

सून म्हणाली, "बाबा, हेतू चांगला होता त्यांचा." असेल. चांगल्या हेतूनं देव शोकेसमध्ये गेले.

मी तिकीट काढायला लावलं. गावी पुतण्याची बायको पूजा करते, ती सांभाळेल. कोटिंग सोनार काढून देईल. प्रवासात देव उपाशी राहू नयेत म्हणून त्यांना तांदळात ठेवायची हिची रीत. तसे डब्यात ठेवले. पोरगा दारात उभा राहिला. "बाबा, देव राहू द्या ना. आईचं एवढंच आहे माझ्याकडे."

"आईचं पाहिजे तर तिच्या साड्या आहेत कपाटात," मी म्हणालो. "हे तिचे नव्हते रे. ती यांची होती."

आणि डब्याचं झाकण लावलं.