माळावरचा तणमोर

निपाणीबाहेरच्या आमच्या माळावर यंदा पुन्हा गवत उभं राहिलं. तिथली निलगिरी काढून माझ्या मुलीनं आणि गावकऱ्यांनी मारवेल, पवन्या अशा जुन्या गवतांचं बी पेरलं होतं. श्रावणात तिनं मला बघायला नेलं. ओल्या गवताचा तो गोडसर वास आला आणि मी एकदम दहा वर्षांची झाले.

असाच श्रावण होता. मी वडिलांबरोबर, आप्पांबरोबर, वैरणीला गेले होते. चालता चालता त्यांनी मला थांबवलं.

"खाली बस गं. हलू नगं."

समोरच्या गवतातून एक काळा पक्षी सरळ वर उसळला, क्षणभर हवेत पंख फडफडवत राहिला आणि पुन्हा गवतात बुडाला. पुन्हा वर, पुन्हा खाली. मी तोंडावर हात धरून हसत राहिले.

"तणमोर हाय त्यो," आप्पा पुटपुटले. "मादीला बोलवाय लागलाय."

त्या दिवशी आम्ही तिथं विळा लावलाच नाही.

पुढं माळावर निलगिरीची झाडं लागली, तेव्हा सगळ्या गावाला आनंदच झाला. नुसतं गवत म्हणजे पडीक रान, असंच वाटायचं सगळ्यांना. तणमोर कधी गेला, कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

"आई, तू त्याचा आवाज ऐकलायस न्हवं?" मुलगी विचारत होती. "कसा असतोय? परत आला तर आम्हांस्नी कळाय पायजे."

मी डोळे मिटून खूप आठवून पाहिलं. ती उसळी लख्ख दिसली. आवाज मात्र काही केल्या आठवेना, आणि विचारायला आप्पा आता नाहीत.