नव्या फ्रीव्हीलमधलं ग्रीस

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. रसायनशास्त्र, दुसरा वर्ग. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात त्या पदवीचा हात आहे आणि तो मला लपवायचा नाही. पदवीची लाज मला तेव्हा वाटली नाही, आजही वाटत नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची.

बाबा सायकलवरून मासे विकायचे. पहाटे जेटीवर लिलावात माल घ्यायचा, पाटीत बर्फ घालून तो कॅरिअरवर बांधायचा आणि रत्नागिरीतून चढण चढून सड्यावर, वरच्या कातळाच्या पठारावर, यायचं. तिथून पुढे देवरूखच्या अंगाला आतल्या वाड्या. तिथे फिरती सगळ्याच मासेवाल्यांची होती, पण शेवटची मोठी वाडी, चाळीसेक घरांची, ती बाबांची होती. बाबांची म्हणजे कशी, ते सांगायला हवं.

ती सगळी शेतकरी माणसं. श्रावण पाळणारी, मग गणपती. गणपती पाण्यात गेले की दुसऱ्या दिवशी घरोघरी मासे शिजणार. त्या दिवसापासून ज्याची पाटी वाडीत पहिली उतरेल, त्याच्याकडूनच पुढचा पाऊस लागेपर्यंत मासे घ्यायचे अशी तिथली रीत. दुसरा कोणी अंगणात येऊन कितीही ओरडला तरी बाया उंबऱ्याबाहेर यायच्या नाहीत. पण विकणाऱ्यावरही एक अट होती. दुपारचं जेवण शिजायच्या आत त्याने पोचायचं. लागोपाठ तीन दिवस उशीर झाला की वाडी मोकळी, तिने दुसरा बघावा. कागद नाही, सही नाही. बाबांनी ही वाडी अकरा वर्षं धरून ठेवली होती. मी कॉलेजात गेले ती या वाडीच्या जिवावर.

बी.एस्सी.चा निकाल लागला त्या वर्षीचा पावसाळा. होड्या वर ओढलेल्या, बाबा घरी, मी घरी. नोकरीचे अर्ज पाठवून झाले होते. पडवीत सायकल उभी होती आणि तिची दशा दरवर्षीसारखीच झाली होती. पाटीतला बर्फ वितळतो, त्याचं खारं पाणी गळतं ते नेमकं मागच्या चाकावर. चेन गंजायची आणि फ्रीव्हील, म्हणजे मागचं दातेरी चक्र, आतून धरून बसायचं. दरवर्षी मेस्त्रीकडे टाकायची आणि दरवर्षी तो तेच करून द्यायचा.

"मेस्त्रीकडे कशाला?" मी म्हटलं. "मी करते."

"तुला जमंल?"

"बाबा, लोखंड का गंजतं हे मेस्त्रीला ठाऊक हाय काय? मला ठाऊक हाय."

बाबांचा चेहरा कसा झाला ते मी विसरलेले नाही. कुणी मोठ्या माणसाने घरी येऊन त्यांचं कौतुक करावं तसा.

नवी चेन आणली, नवं फ्रीव्हील आणलं. जुनं फ्रीव्हील खोलायचा पाना मागायला मेस्त्रीच्या दुकानात गेले. तो पंक्चर काढत होता. वर न बघता म्हणाला, "कॉलेजात आता ह्ये पण शिकवायला लागले काय गो?"

"तिथं डोकं वापरायला शिकवतात."

"मग बरं हाय. आमच्याकडं त्याचीच टंचाई." त्याने पाना काढून दिला. "नव्यात पातळ तेलाचे चार थेंब टाक. दुसरं काय घालू नको."

मी मान हलवली आणि मनात म्हटलं, चार थेंब तेल खाऱ्या पाण्यापुढे किती दिवस टिकणार? म्हणून तर दरवर्षी तुझ्याकडे यावं लागतं. हवा आणि पाणी दोन्ही लोखंडापर्यंत पोचूच द्यायचं नाही, हा उपाय. मामा मासेमारीच्या लाँचवर कामाला होता. तिथे दोर ओढायच्या चाकाला लावतात ते पिवळं घट्ट ग्रीस मी त्याच्याकडून डबाभर मागून आणलं. समुद्राच्या पाण्यात जे वर्ष वर्ष टिकतं ते पाटीच्या पाण्याला काय दाद देणार आहे?

मग ते कोरं फ्रीव्हील मी उघडलं. नव्या वस्तूचं झाकण फिरवून काढायला कोणी धजत नाही, पण मी काढलं. आत बारीक छर्रे होते आणि दोन छोटे खटके, केसासारख्या तारेच्या जोरावर उभे राहणारे. तुम्ही पायडल मारलं की ते दातांत अडकतात आणि चाक ओढतात, पाय थांबवला की दातांवरून घसरत टरटर वाजतात. बोटाने ग्रीस दाबून दाबून मी ती सगळी जागा भरली. कुठे पोकळी म्हणून ठेवली नाही. झाकण लावलं, चाकावर चढवलं, चेन जोडली. गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. सायकल इतकी मुकाट चालत होती की मलाच कौतुक वाटलं.

बाबांनी जेटीवर सगळ्यांना सांगून टाकलं. "आमच्या बायनं खोलली, बायनंच जोडली."

"मग आता बांगडा पण सायन्सनं विकणार काय रे?" कुणीतरी म्हणालं, आणि बाबासुद्धा हसले. हसण्यासारखीच वेळ होती ती.

गणपती गेले. पहिल्या दिवशी बाबा भरलेली पाटी घेऊन निघाले आणि परत आले ते दिवस कलताना. वाडीत पाटी त्यांचीच पहिली उतरली होती, पण जेवणं होऊन गेल्यावर. मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "चेन जरा उडतेय चढावाला." बस. गुडघ्याखाली सोललेलं मी नंतर बघितलं. चढावर जोर लावला की पायडल एकदम रिकामं जायचं आणि नडगी आपटायची. पाटीसकट सायकल त्यांनी ढकलत वर नेली होती.

मी लगेच कामाला लागले. पद्धतशीर, कॉलेजात शिकवतात तसं, एका वेळी एकच कारण तपासायचं. चेन सैल होती का? होती, बोटभर हलत होती. मागचं चाक ओढून ती ताणली. गल्लीत चालवली, उडाली नाही. झालं, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या वेळी मी चेनची एक एक कडी वाकवून पाहिली. जोडाजवळची एक कडी आखडलेली सापडली. सापडली याचा केवढा आनंद झाला मला! ती मोकळी केली. मग शेजारच्यांकडून तांदळाचं पोतं मागून कॅरिअरवर बांधलं आणि आमच्या वाटेवरच्या छोट्या चढावर नेलं. पायडल निसटलं. पोतं आणि मी दोघंही वाटेकडेच्या गडग्यावर, चिऱ्याच्या कुंपणावर, जाऊन आपटलो. गडग्यावर बसलेली एक बाई म्हणाली, "पदवी पडली काय गो?" मी पोतं उचलून पुन्हा कॅरिअरवर बांधलं.

मग पुढच्या मोठ्या चक्राकडे लक्ष गेलं. त्याचे दात झिजून मुशी माशाच्या दातांसारखे टोकदार आणि वाकडे झाले होते. नवी चेन जुन्या झिजलेल्या दातांवर बसत नाही, हे खरंच आहे, कुणालाही विचारा. मामाची एक मोडकी सायकल पडली होती, तिचं बरं चक्र काढून आणलं. क्रँकची, म्हणजे पायडलच्या दांड्याची, पाचर हातोडीने ठोकून काढताना अंगठा चिरडला. रात्री दिव्याच्या उजेडात ते चक्र बसवलं. आता या सायकलीत चेन नवी, मागचं नवं, पुढचं चांगलं. उडायला जागाच नव्हती. फ्रीव्हीलवर माझा संशय गेलाच नाही. ते नवं होतं, आणि मी स्वतःच्या हाताने बंद केलं होतं.

बाबा त्या दोन्ही संध्याकाळी माझ्याजवळ बसून होते. पाना मागितला की पाना द्यायचे, फडकं मागितलं की फडकं. 

तिसऱ्या दिवशी ते आले तेव्हा पाटी निम्मी भरलेलीच होती.

"वाडी गेली," ते म्हणाले. "मोपेडवरनं मासे विकतो त्याला बोलावलंय त्यांनी." आणि पाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल घेऊन मेस्त्रीकडे गेले. मान खाली घालून गेले नाही, पण गेले. त्याने मागचं चाक उचललं, पायडल उलटं फिरवलं.

"ऐक," तो म्हणाला.

"काय ऐकू? काय वाजत नाय."

"त्येच सांगतोय. वाजायला नको?"

मला कळलं. त्या क्षणी सगळं कळलं, शिकलेली होतेच मी. घट्ट ग्रीसमध्ये खटके चिकटून बसले होते. केसाएवढ्या तारेत त्यांना उचलायची ताकद कुठून येणार? ते दातांत अडकतच नव्हते. अर्धवट अडकायचे, जोर आला की सुटायचे. चेन कधी उडालीच नव्हती. दोन दिवस मी चेन दुरुस्त करत होते.

मेस्त्रीने झाकण काढून फ्रीव्हील रॉकेलच्या डब्यात बुडवलं आणि ब्रशने धुतलं. पिवळे गोळे वर तरंगायला लागले. वाळवून तेलाचे चार थेंब टाकले. चहा यायच्या आत सगळं आटपलं. चाक फिरवलं तसं टरटर वाजलं.

"एवढंच व्हतं," तो म्हणाला. "तुझ्या बापाला मी पहिल्याच दिवशी बोल्लो. इथनं ढकलत चालला व्हता. म्हटलं, ठेव, धुऊन देतो, आतमध्ये काहीतरी घट्ट भरलंय तिनं. म्हणाला, राहू दे."

"राहू दे?"

"पोरगी शोधंल म्हणाला."

मी घरी आले. बाबा पडवीत पाटीची सुटलेली वीण बांधत होते.

"तुला ठाऊक होतं?"

"काय?"

"ग्रीस. मेस्त्रीनं तुला सांगितलं होतं."

"हां, बोल्लेला तो."

"मग मला का नाय सांगितलंस? दोन दिवस नुसता पाने देत बसलास!"

त्यांनी वीण ओढून गाठ मारली. "मेस्त्रीच्या दुकानात सायकल लावली असती तर जेटीवर कळलं असतं. लोक हसले असते."

"कुणाला, मला? हसू द्यायचं होतं. मी मेले नसते."

"तू शिकलेली. मी तुला काय सांगणार?"

याला माया म्हणायची असेल तर म्हणा. मला ती तेव्हा माया वाटली नाही. अकरा वर्षांची वाडी या माणसाने जेटीवरच्या दोन टवाळांच्या भीतीने घालवली, आणि ती माझ्या नावावर घालवली. मी तोंडाला येईल ते बोलले. मी काय भिंतीवर टांगलेली फ्रेम आहे का, मला चूक दाखवायची नाही? त्यांनी मध्ये एकदाच तोंड उघडलं. "बोल. बोलायला यावं म्हणूनच शिकवली तुला."

मला अजूनही वाटत होतं की हे सावरता येईल. चूक माझी होती, तर ती वाडीला मी सांगायची. पुढच्या दिवशी मी बाबांना न विचारता जेटीवर गेले, पाटी भरून घेतली आणि सायकलवर बसले. संपूर्ण चढण पायडल मारत चढले. एकदाही निसटलं नाही. वाडीत पोचले तेव्हा घरांतून पहिला धूर निघत होता.

पहिल्या घरातली काकी अंगणात आली. वाडीचं बोलणं तीच करायची. तिने पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तू काय गो त्याची मुलगी? बस जरा, घामानं भिजलंस."

मी बसले नाही. उभ्याने सगळं सांगितलं. सायकल बिघडली होती, मीच बिघडवली होती, आता ती बरी आहे, बाबांचा त्यात काही दोष नाही.

"सायकल?" ती म्हणाली. "तो तर बोल्ला, गुडघ्यात जोर राह्यला नाय. तीन दिवस त्येच सांगत व्हता. चढ चढवत नाय म्हणाला, वय झालं म्हणाला. आम्हाला पण वाईट वाटलं. त्याला कशाला अजून पिदडायचं, म्हणून तर मोपेडवाल्याला शब्द दिला."

"काकी, त्यांचे गुडघे चांगले हायत."

तोपर्यंत दोन-तीन बाया कुंपणाशी येऊन थांबल्या होत्या. काकीने डोळे बारीक केले. "म्हणजे? तो आमच्याशी खोटं बोल्ला?"

मी "हो" म्हणू शकले असते. खरं तेच होतं. हो म्हटलं असतं तर वाडीला सायकलीचं पटलं असतं, आणि अकरा वर्षं ज्याच्या शब्दावर मासे घेतले तो माणूस खोटारडा ठरला असता, माझ्या तोंडून, त्याच्याच गिऱ्हाइकांपुढे.

"नाय," मी म्हटलं. "दुखतात कधी कधी."

"मग त्याला सांग, आता घरी बस म्हणावं. पोरगी शिकलेय, नोकरी करंल. तेल लावीत जा म्हणावं गुडघ्यांना."

भरलेली पाटी घेऊन मी सड्यावरून खाली आले. उतारावर पाय थांबवले की फ्रीव्हील टरटर वाजत होतं. पुढच्या वर्षी गणपती गेले, बांगडा चांगला लागला, सायकल ठणठणीत होती आणि बाबांच्या पायांत दोन माणसांचा जोर होता. पण त्या वाडीकडे ते वळले नाहीत. तिथे सगळ्यांना ठाऊक होतं की यांच्याने आता चढ चढवत नाही.