खांबाजवळचं पोतं

कांताबाई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्यांच्यासाठीच पेज गाळत होते. आदल्या दिवशी भंडाऱ्याच्या दवाखान्यात भेटलो होतो. आवाज पार बसलेला, तरी माझा हात धरून कुजबुजल्या, "सभा कवा हाय वो?" दुखण्याबद्दल अक्षर नाही... महिना होत आला, पण तेव्हा लागलेली धाकधूक अजून गेलेली नाही.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला त्या सुमारास मी कोल्हापूरकडून करडीजवळच्या या गावात शिक्षिका म्हणून आले. कांताबाई त्याच शाळेत, माझ्याहून बऱ्याच जुन्या. वर्गात पोरांच्या बोलीला सतत टोकायच्या. निवृत्तीनंतर मात्र ग्रामसभेत अस्सल झाडीबोलीत बोलू लागल्या. मी चिडवलं, तर म्हणाल्या, "पोरायची बोली सुधरवता सुधरवता माह्या बोलीले गंज चढला होता. घासून राहिली."

सभा समाजमंदिरात भरते. पुढे सासरे-भासरे बसतात, म्हणून सुना खांबाआड. मोठ्यांसमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही इथली रीत. कांताबाईंना खुर्ची मिळायची, पण त्या खांबाजवळ पोतं अंथरून बसायच्या. विकासाचा आराखडा वाचला जाताना एखादी सून मागून त्यांचा पदर ओढायची, कानाशी लागायची, की बाई उभ्या राहिल्याच.

मागच्या सभेत 'तलाव परिसराचा पर्यटनदृष्ट्या विकास व जलसाठा संवर्धन' असं काहीसं वाचलं गेलं. मला तर ऐकायला छानच वाटलं. माणसं 'मंजूर' म्हणायच्या बेतात होती, तेवढ्यात कांताबाईंचा पदर ओढला गेला.

"थांबा जी साहेब. तलाव भरून ठेवान, नावा फिरवान, मंग आमच्या बांधीले पानी कोठून सोडान? रोवना कायच्यावर करू?"

आराखडा वाचणाऱ्या साहेबांना मग त्याचा अर्थ फोडून सांगावा लागला. तलावाचं पाणी खालच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, रोवणीसाठी सोडणं बंद होणार होतं, हे तेव्हा कुठे सगळ्यांना उमगलं. गलका झाला आणि विषय पुढच्या सभेवर गेला.

ती सभा उद्या आहे. आज सकाळी कांताबाईंची सून ते पोतं घेऊन आली. "मॅडम, आता तुमीच बसा तेथं," म्हणाली. मी लगेच विचारलं, "तलावाबद्दल तुम्हां सगळ्यांचं म्हणणं काय आहे?" तिनं डोक्यावरचा पदर सावरला. "तुमाले बरं वाटन ते बोला जी." आणि गेली.

माझ्या पुस्तकी बोलण्यापुढे सगळे असेच शहाण्यासारखे वागतात. इतक्या वर्षांत इथं माझ्याशी कुणी कडाकडा भांडलेलं नाही. याचा मला अभिमान होता, आता घोर लागलाय. उद्या आराखड्यात शब्द बदलून आणले असतील. ते कुणाच्या बांधीवर उठतील, हे मला नुसतं ऐकून कळणार नाही. मागे बसणाऱ्यांना कळेल.

पोतं दाराशी ठेवलंय, कडेला चिखल वाळलेला. उद्या खांबाजवळ ते अंथरीन आणि बसेन. भीती वाटते ती उभं राहायची नाही... माझा पदर कुणी ओढेल का?