लडाखच्या तयारीतला जावई

उत्तरेश्वर पाटोद्याच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. हिमालयातल्या खिंडी तो डोळे झाकून फळ्यावर काढील, पण स्वतः मोटारसायकल घेऊन नगरच्या पलीकडं कधी गेलेला नाही. तीन वर्षांपूर्वी त्यानं डोंगरदऱ्यांत चालणारी उंच, दणकट गाडी घेतली आणि तेव्हापासून तो लडाखच्या तयारीत आहे. तयारी काही संपत नाही.

पहिल्या वर्षी क्रॅश गार्ड आला. गाडी पडलीच तर टाकीला ओरखडा नको. मग इंजिनाच्या पोटाला दगड लागू नये म्हणून खाली जाड बॅश प्लेट. मग मुठींपुढं हँडगार्ड, रेडिएटरला जाळी, हेडलाइटला जाळी. शाळेचा शिपाई म्हणाला, "गुर्जी, आता गाडीला मच्छरदानी तेवडी राह्यली." यंदा संक्रांतीनंतर त्यानं शेवटचा हात फिरवला. डांबरावर आणि मातीत दोन्हीकडं चालतील असे बोटभर खाचांचे टायर बसवले, आणि मागची सीट काढून तिथं लोखंडी रॅक अन् रॅकवर सामानाचं खोकं.

"आन् मी कुटं बसू?" त्याच्या बायकोनं, वर्षाराणीनं विचारलं.

"लडाखला सामान लागतं."

"लडाखला जाताल तवा लागंल. मला आता बाजारात जायचंय."

ती रिक्षानं गेली.

टायर लडाखसाठी नव्हतेच, हे तिलाही ठाऊक होतं. ते धुळवडीसाठी होते, पोरं धरायला आलीच तर आडवाटेनं निसटायला. उत्तरेश्वरची सासुरवाडी केज तालुक्यात. तिथं धुळवडीला गावच्या एका जावयाला गाढवावर बसवतात, गळ्यात चपलांची माळ घालून वाजतगाजत मिरवतात आणि शेवटी मारुतीच्या पारावर नवे कपडे देऊन मान करतात. एकदा बसलेल्या जावयाला पुन्हा कुणी हात लावत नाही. म्हणून राहिलेले जावई होळीच्या आठवडाभर आधी फोन बंद करून गायब होतात आणि गावची पोरं त्यांना धुंडाळत फिरतात. उत्तरेश्वर सात वर्षं निसटला होता. कधी खोटा ताप, कधी खरं प्रशिक्षण. मुलांनी मोबाईलवर मास्तरांना गाढवावर पाहिलं तर फळ्यापुढं उभं कसं राहायचं, ही त्याची धास्ती. तो जाईना, म्हणून वर्षाराणीलाही सात वर्षं माहेरची होळी मिळाली नव्हती. जावई कुठंय म्हणून लोक विचारणार, तिनं तरी काय सांगावं?

यंदा मात्र तिचे वडील, धुळाजी, दिवाळीपासून आजारी होते. होळीच्या चार दिवस आधीच ती एसटीनं निघाली. जाताना म्हणाली, "यंदाबी न्हाई आलात तर मी काय बोलनार न्हाई. पन आबाची फुडची होळी कुनी बगितलीय?"

हे ऐकून मास्तरांना दोन रात्री झोप नाही. शेवटी त्यानं साप मरावा आणि काठीही तुटू नये असा बेत केला. होळीच्या सकाळी जायचं, सासऱ्यांना भेटायचं आणि दुपारच्या आत परत. रस्ता अडवलाच तर नदीतून काढायची गाडी. टायर होतेच.

सासरे खाटेवर उठून बसले. वाळले होते. "गाढव सांगून ठिवलंय म्या," ते हळूच म्हणाले. "काळं हाय. लई गरीब हाय." उत्तरेश्वरनं चहा अर्धा टाकला, पाया पडला आणि गाडी चालू केली.

वेशीत त्याचा मेव्हणा पप्पू ट्रॅक्टर आडवा लावून उभाच होता. "दाजी, गाडी लई भारी दिसतीय! उतरून दाखवा की!" उत्तरेश्वरनं हँडल वळवलं आणि थेट कोरड्या नदीत उतरला. पहिली तीस पावलं झकास गेली. वाळूत टायरची हवा कमी करायची असते हे त्यानं व्हिडिओंत दहादा पाहिलं होतं. पण रिमला मार लागू नये म्हणून त्यानं पाटोद्यातच हवा टणक भरून घेतली होती. मागचं चाक जागच्या जागी फिरत खाली गेलं आणि गाडी बॅश प्लेटवर बसली, म्हैस डबक्यात बसावी तशी.

मास्तर गाडी सोडून पळाले. पण गुडघ्याला गार्ड, कोपराला गार्ड, छातीला कवच, पायात नडगीपर्यंत बूट. चार पावलांत ते आडवे झाले. कुठंच लागलं नाही, हे खरं.

लोखंडाच्या त्या बोजानं गाडी दहा पोरांनाही हलेना. तेव्हा पप्पूनं वाळू वाहणारी दोन गाढवं आणली आणि क्रॅश गार्डला दोर बांधला. क्रॅश गार्ड पहिल्यांदाच कामी आला. पुढचं गाढव काळं होतं.

रात्रभर पुरणपोळी आणि पहारा. सकाळी उत्तरेश्वरला गोधडी टाकलेल्या त्याच काळ्यावर चढवलं. त्यानं हेल्मेट मागितलं; पोरांनी दिलं, काच खाली केली तरी चालवून घेतलं. हलगी वाजली आणि धुळाजी खाटेवरून उठले. "दोर इकडं द्या." कुणाचं न ऐकता ते पुढं चालू लागले. दर दहा पावलांवर थांबत, दम घेत, प्रत्येक दारापुढं सांगत, "सात वर्सं इचारत व्हता न्हवं? ह्यो माजा जावई!"

ओट्यावर वर्षाराणी पदरानं डोळे पुसत हसत होती. असं हसताना उत्तरेश्वरनं तिला पाटोद्यात कधी पाहिलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, गाढवाची नाही. आपण सात वर्षं तोंड लपवलं ते हिच्या जिवावर, हे त्याला तिथं, चपलांच्या माळेत कळलं. त्यानं हेल्मेट काढून पप्पूकडं दिलं.

दुसऱ्या दिवशी निघताना तो अंगणात पाना घेऊन बसला. खोकं उतरवून सासूबाईंना दिलं. त्यांनी त्यात लगेच शेंगा भरल्या.

"आवं, ते कावून काडलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"हिला बसायला जागा पायजे, आबा."

त्यानं गाढवावरची गोधडी चौघडी करून रॅकवर घट्ट बांधली. हेल्मेट वर्षाराणीच्या डोक्यात घातलं, स्वतः काल पारावर मिळालेला मानाचा फेटा तसाच ठेवला. ती बसली आणि हातानं गोधडी चाचपली.

"ही त्या गाढवाचीच न्हवं का?"

"हां."

"मंग बरूबर जागी आली. चला."