नानाने मोडलेली सोयरीक

धार गावात रस्त्याने जाताना नाना भेटेल त्याच्यापाशी थांबे. कुणाच्या म्हशीची, कुणाच्या सुनेची, कुणाच्या शेताची चौकशी करी. लोक म्हणत, ‘आप्पासाहेबांचा मुलगा मोठा अगत्याचा.’ खरं कारण मला ठाऊक होतं. “ठके, दम घ्यायला निमित्त लागतं गं,” तो मला म्हणे. “नुसतं उभं राहिलं तर लोक कीव करतात.”

नाना माझा थोरला भाऊ. लहानपणी त्याला सांधे धरून ताप आला. गुडघे, कोपरं सुजली, बरीही झाली. दुखणं मात्र काळजात उतरून बसलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून आमच्या वडिलांना, आप्पांना, सांगितलं, “दिल का किवाड़ ठीक से बंद नहीं होता, पंडितजी. इनसे मेहनत मत करवाना.” औषध असं काही नव्हतंच. पुढे जिना चढवेना म्हणून नानाने कचेरीतली उमेदवारी सोडली. आडवं झालं की जीव घुसमटे, म्हणून तक्क्याला टेकून बसल्या बसल्याच झोपे. संध्याकाळी सुजलेले पाय जोड्यात जात नसत. तरी कुणी ‘कसं काय?’ विचारलं की कौतुकाने सांगे, “आज अंघोळ एका दमात झाली!”

लग्न झालं की पोर सुधारेल, असं आईने मनाशी घेतलं. देवासच्या धाकट्या पातीतल्या, म्हणजे तिथल्या धाकट्या संस्थानातल्या, एका कारकुनांची मुलगी सांगून आली. मुलीचे वडील नानाला पाहायला आले, त्या दिवशी आईने त्याच्या अंगावर उपरणं दुहेरी करून घातलं. कारण एरवी सदऱ्यावरून काळीज उडताना दिसे. मी दाराआड उभी होते.

“प्रकृती जराशी नाजूक आहे, एवढंच,” आप्पा सांगत होते.

नानाने उपरणं काढून बाजूला ठेवलं. “काका, इथे हात ठेवून पाहा.”

पाहुण्यांनी संकोचत हात ठेवला आणि चटकन मागे घेतला.

“मुलगी केवढी आहे?” नानाने विचारलं.

“अकरावं सरलं.”

“म्हणजे आमच्या ठकीएवढी. मी फार वर्षं काढीन असं मला वाटत नाही. मग त्या पोरीचे केस आमच्याच दारात उतरतील.”

फराळ तसाच राहिला. निघताना पाहुण्यांनी नानाच्या पाठीवरून हात फिरवला, तेवढाच.

“घराची अब्रू वेशीवर टांगलीस!” आप्पा म्हणाले, आणि त्यानंतर ते त्याच्याशी बोलेनासे झाले. एकाच ओसरीवर दोघं दोन टोकांना बसत. निरोप असला तर माझ्यामार्फत जाई. नाना दिवसेंदिवस खंगत चालला.

एकदा मी त्याला विचारलं, “तुला लग्न नकोच होतं का रे?”

“फार हवं होतं गं,” तो म्हणाला.

पुढच्या थंडीत एका सकाळी आई ऊन पाणी घेऊन गेली, तर तो तक्क्याला टेकूनच गेलेला होता. आप्पांचा अबोला सुटायचा राहूनच गेला.

मग माझं लग्न ठरत आलं. उज्जैनची माणसं बसली होती, मानपानाचं बोलणं संपलं होतं, सुपारी तेवढी फुटायची होती. आप्पांनी एकाएकी विचारलं, “मुलाला लहानपणी कधी सांधे धरून ताप आला होता?”

व्याह्यांचा चेहरा उतरला. मामाने आप्पांची बाही ओढली. आप्पांनी ती सोडवून घेतली, आणि उत्तर मिळेपर्यंत सुपारीला हात लावला नाही.